शांतारामबापूंच्या चेहऱ्याचा डॉक्टर

गिरणीत जन्म काढलेल्या माणसांकडून मी जो इतिहास ऐकला, त्यात व्ही. शांताराम यांचं नाव टिळक-गांधींच्या पंगतीत यायचं. सिनेमातला माणूस म्हणून नव्हे, आपल्यातला माणूस म्हणून. आजोबा त्यांना 'शांतारामबापू' म्हणत, तेही गावाकडच्या एखाद्या थोरल्या चुलत्याबद्दल बोलावं तशा आवाजात. बापूंनी कोणकोणत्या चित्रपटांचं दिग्दर्शन केलं, कुठली बक्षिसं मिळवली, हे त्यांना फारसं ठाऊक नव्हतं. बापू पडद्यावर स्वतः कधी कधी उभे राहिले, ते मात्र पक्कं लक्षात होतं. आजोबांच्या हिशेबात तीच खरी कारकीर्द.

आता आम्ही जुळे सोलापुरात राहतो. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या माळावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत हे दुसरं सोलापूर उभं राहिलं. मुरारजी पेठेतल्या चाळीतून, गिरण्यांच्या भोवतालच्या वस्त्यांतून उठून कितीतरी घरं इथे आली. निवृत्त शिक्षक, बँकेतले, एसटीतले, आणि गिरणी कामगारांची मुलं. संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्यांपैकी गिरणीचा भोंगा ज्यांनी रोज ऐकला आहे, अशी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. माझी आत्या त्यांतली एक. वयाची नव्वदी जवळ आली आहे, कान मंद झाले आहेत, पण सिनेमाचा विषय निघाला की तिला सगळं ऐकू येतं.

आजोबा मंगळवेढ्याकडचे. जमीन सावकाराकडे गेली, पावसानं पाठ फिरवली आणि मिसरूड फुटायच्या आधीच ते सोलापुरात आले. जुनी गिरणी तेव्हा जोरात होती. १८७७ साली सुरू झालेल्या त्या गिरणीनं हे गाव बदलून टाकलं. तेलंगणातून पद्मशाली आले, कर्नाटकातून लिंगायत आले, दुष्काळी तालुक्यांतून आजोबांसारखी पोरं आली. ती आधी बदली कामगार व्हायची, मग खात्यात कायम. आजोबा सूतखात्यात लागले. कापसाचं पीस नाकातोंडात जायचं आणि पाळी सुटल्यावर कान तासभर नुसते घुमत राहायचे, असं ते सांगत.

त्या पहिल्या वर्षांत त्यांनी 'सावकारी पाश' पाहिला. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, बाबूराव पेंटरांचा, १९२५ सालचा मूकपट. देवादिकांच्या आणि ऐतिहासिक चित्रांच्या त्या जमान्यात या चित्रात एक साधा शेतकरी होता. सावकार त्याची जमीन गिळतो, तो गाव सोडतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. तो तरुण शेतकरी म्हणजे शांताराम.

हे ऐकताना मला नेहमी वाटायचं, आजोबा गोष्ट पडद्यावरची सांगतायत की स्वतःची? पडद्याजवळ पेटी-तबला वाजायचा. मधल्या पाट्या आल्या की वाचता येणारा कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग पिटात तेलुगूत, कन्नडमध्ये, दखनीत त्याचं भाषांतर चालायचं आणि तोवर पुढचा प्रसंग निम्मा होऊन गेलेला असायचा. पण शेतकऱ्याच्या जमिनीचा कागद सावकाराच्या हातात गेला, तेव्हा कुणीच काही वाचून दाखवलं नाही, आजोबा म्हणायचे. तो कागद प्रत्येकानं आपापल्या घरी पाहिला होता.

'सावकारी पाश'ची मूळ मूकप्रत आज उपलब्ध नाही. चित्रपटाचे अभ्यासक त्याला भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानतात, आणि तेही ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणींच्या आधारावर. त्या पाहणाऱ्यांत सोलापूरच्या सूतखात्यातला एक पोरगाही होता, याचं मला फार अप्रूप आहे.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ चा, कोल्हापूरचा. वडील जैन, आई हिंदू. लहानपणी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत काढला. घरच्या ओढगस्तीमुळे हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम केलं आणि तिथल्याच एका थिएटरात दारावर उभं राहून चित्रं पाहिली. होटगीहून गदगमार्गे हुबळीला जाणारी मीटरगेज गाडी आजोबांच्या ओळखीची, त्यामुळे बापू 'आपल्याच लाइनीवरचे' हे त्यांचं मत ठाम होतं. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांनी १९२० मध्ये बापूंना महाराष्ट्र फिल्म कंपनीत नेलं. तिथे झाडलोटीपासून कॅमेऱ्यापर्यंत पडेल ते काम करावं लागे. 'सुरेखा हरण'मध्ये ते श्रीकृष्ण झाले, 'सिंहगड'मध्ये विशीतच म्हातारा शेलारमामा झाले आणि मग 'सावकारी पाश'. १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' त्यांच्या हाती आला आणि ते दिग्दर्शक झाले. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी 'प्रभात' काढली. पुढचं सारं सर्वांना पाठ आहे. 'अयोध्येचा राजा', 'अमृतमंथन', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी'. त्यात मी शिरत नाही. माझा धागा पडद्यावर उभ्या राहिलेल्या बापूंचा आहे.

मूकपटात शिकलेला नट आवाजावर भरवसा ठेवू शकत नसे. खांदे, पाठ, चालताना पडणारं पाऊल, हेच त्याचे संवाद. बापूंचा हा जुना अभ्यास बोलपटात कधी कधी जास्त वाटतो, हे मी मान्य करतो. डोळे विस्फारणं, मान वळवून थांबणं हे आजच्या प्रेक्षकाला खटकतं. पण कष्टाचं काम करणारा माणूस दाखवायचा असला की तोच अभ्यास असा उपयोगी पडतो की पाहत राहावं. दिग्दर्शक शांताराम यांच्यावर पुस्तकं लिहिली गेली. नट शांताराम मात्र त्यांच्याच सावलीत राहिले.

१९३० सालचा 'उदयकाल' हा त्या दृष्टीनं वेगळा. त्यात बापू शिवाजी महाराज झाले. चित्राचं मूळ नाव 'स्वराज्याचे तोरण'. सेन्सॉरला ते 'स्वराज्य' सहन झालं नाही आणि नाव बदलावं लागलं. सोलापुरानं तेच साल वेगळ्या तऱ्हेनं अनुभवलं. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, गोळीबार झाला, १२ मेपासून जूनअखेरपर्यंत लष्करी कायदा होता. गांधी टोपी घालून रस्त्यावर येणं हाही गुन्हा झाला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आजोबांनी त्या दिवसांत टोपी पागोट्याच्या आत दडपून नेली, असं आजी सांगायची. स्वतः आजोबा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. त्या चौघांच्या पुतळ्यांपाशी बस थांबली की नुसते हात जोडायचे. तिकडे कोल्हापुरात एका चित्राच्या नावातून स्वराज्य खोडलं जात होतं आणि इकडे सोलापुरात माणसांच्या डोक्यावरून. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत.

मग कोटणीस.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, इथला, सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून ते डॉक्टर झाले. जपाननं चीनवर आक्रमण केलं होतं. जनरल चू तेह यांनी मदत मागितली, आणि काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवायचं ठरवलं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला 'राजपुताना' बोट मुंबईहून सुटली, तेव्हा आमच्या या डॉक्टरला अठ्ठावीसही पुरी झाली नव्हती. पथक पुढे येनानला पोहोचलं. वडील गेल्याची बातमी कोटणीसांना तिकडेच कळली, तरी ते परतले नाहीत. नॉर्मन बेथ्यून यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या इस्पितळाचे ते संचालक झाले, तिथल्याच गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं. बहात्तर बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याचं सांगतात. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय बत्तीस.

ही गोष्ट डॉ. बसूंकडून ख्वाजा अहमद अब्बास यांच्यापर्यंत पोहोचली. त्यांनी 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हे पुस्तक लिहिलं आणि ते बापूंच्या हाती आलं. बापूंनी १९४२ मध्ये प्रभात सोडली होती, परळला राजकमल कलामंदिर उभं केलं होतं, 'शकुंतला' गाजली होती. युद्धाचे दिवस. कच्ची फिल्म सरकारच्या ताब्यात, चित्रपटाची लांबीसुद्धा ११,००० फुटांवर बांधलेली, आणि युद्धाला पोषक असं चित्र काढायची निर्मात्यांवर सक्ती. बापूंनी काय केलं, तर जपानशी लढणाऱ्या चीनची गोष्ट घेतली. सरकारला नाही म्हणता येईना, कारण चीन दोस्त राष्ट्र. पण गोष्ट होती काँग्रेसनं पाठवलेल्या पथकाची, नेहरूंच्या आणि सुभाषबाबूंच्या आशीर्वादाची. 'उदयकाल'च्या वेळी ज्यांनी नाव खोडलं होतं, त्यांच्याच परवानगीनं आणि त्यांच्याच फिल्मवर बापूंनी हे चित्र काढलं. सोलापूरकर म्हणून मला त्यांच्या या युक्तीचा फार अभिमान वाटतो.

'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ मध्ये आला. कोटणीसांची भूमिका बापूंनी स्वतः केली, तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस. सत्तावीस वर्षांचा तरुण चव्वेचाळिसाव्या वर्षी साकारायचा, म्हणजे जोखीमच. अभिनेत्री जयश्रीबाई पडद्यावरची छिंगलान झाल्या. वडिलांच्या भूमिकेत केशवराव दाते. बाबूराव पेंढारकर चिनी सेनापती. संगीत वसंत देसाईंचं. चीन इथेच उभा केला, कारण युद्धात तिकडे जाणं शक्य नव्हतं.

आत्या तेव्हा दहा वर्षांची. आजीबरोबर बायकांच्या बाजूला बसून तिनं तो पाहिला. आजीला हिंदी येत नव्हतं म्हणावं, तर सोलापुरात दखनी कुणाला कळत नाही? शेजारच्या मोमीनबाईंशी तिचं रोजचं बोलणं त्यातच चालायचं. आत्या सांगते, पडद्यावर 'शोलापूर' असा शब्द आला की सगळं थिएटर हलायचं. शिट्ट्या, टाळ्या, काही बायका तर पदराला डोळे पुसायला लागायच्या, अजून काही झालेलं नसताना. आपल्या गावाचं नाव सिनेमात! कापडावर छापलेलं आपल्या गावाचं नाव ज्यांनी हजारदा पाहिलं होतं, त्यांनाच त्याचं इतकं नवल वाटलं.

शेवटचा भाग ती नेहमी त्याच शब्दांत सांगते. मरणपंथाला लागलेला डॉक्टर बायकोला सांगतो, तू माझ्या घरी जाशील तेव्हा असं असं होईल. गाडी येईल, रस्ता लागेल, दार दिसेल, आई पुढे येईल. त्याचा आवाज चालू राहतो आणि पडद्यावर ती परदेशी पोर तान्हं मूल घेऊन त्याच्या घराकडे येते. तो नसतो, त्याचा आवाज तिला वाट दाखवतो. माझ्या मते बापूंच्या साऱ्या दिग्दर्शनात याच्या तोडीचे प्रसंग थोडे आहेत. भडक करता आला असता असा प्रसंग त्यांनी नुसत्या पत्ता सांगणाऱ्या आवाजावर तोलला आहे.

आणि नेमका तिथेच आमच्या घरात इतिहासाचा गुंता झाला. आजी मरेपर्यंत सांगत राहिली की कोटणीसांची चिनी बायको मूल घेऊन सोलापूर स्टेशनावर उतरली होती, तिनं स्वतः पाहिलं होतं. आत्याही तेच सांगते. "टांग्यात बसली बग ती, पोर कुशीत घेऊन." प्रत्यक्षात छिंगलानताई तेव्हा चीनमध्येच होत्या. त्या भारतात आल्या, कोटणीस कुटुंबाला भेटल्या, पण ते पुष्कळ वर्षांनंतर. सिनेमातला डॉक्टर साथीवर औषध शोधताना स्वतःवर प्रयोग करतो, तोही नाट्यासाठी घातलेला भाग. खऱ्या कोटणीसांना नाट्याची गरज नव्हती. ते रोजच्या कामानं झिजले.

महानगरपालिकेनं भैय्या चौकाजवळचं कोटणीसांचं जन्मघर जतन करून तिथे स्मारक केलं. आत्याला तिथे नेलं, तेव्हा खऱ्या डॉक्टरांच्या फोटोपुढे ती बराच वेळ उभी राहिली. तरुण, हसरा चेहरा. मग ती मला म्हणाली, "हे कोण?" मी सांगितलं. तिनं नमस्कार केला, पण वळून हळूच म्हणाली, "आमचे कोटणीस थोराड होते की रे." चव्वेचाळीस वर्षांचे शांतारामबापू तिच्या मनात इतके घट्ट बसले आहेत. मी तिला दुरुस्त करायचा हट्ट धरला नाही. ज्या गावात कोटणीसांचं चरित्र वाचू शकणारी माणसं थोडी होती, त्या गावात हा चेहरा नसता, तर चौकात त्यांचं नाव घेणारं तरी कोण उरलं असतं?

लगेच दुसऱ्या वर्षी, १९४७ मध्ये, राजकमलनं आणखी एक सोलापूरकर पडद्यावर आणला, 'लोकशाहीर रामजोशी'. पेशवाईच्या उत्तरकाळातला हा शाहीर इथल्याच वेदपाठी ब्राह्मण घरातला. तमाशाच्या नादापायी भावानं घराबाहेर काढला, पंढरपुरात शास्त्र शिकला आणि शेवटी डफ-तुणतुण्याकडेच परतला. हे चित्र बापूंनी आधी आपल्या गुरूंकडे, बाबूराव पेंटरांकडे सोपवलं होतं, पुढे त्यात स्वतः हात घातला. जयराम शिलेदार रामजोशी, हंसा वाडकर बया. कथा-गीतं ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे शेजारच्या माणदेशातल्या शेटफळ्याच्या माणसाची. त्यांनी लावण्या अशा काही लिहिल्या की रामजोशीची कुठली आणि माडगूळकरांची कुठली, हे आजोबांच्या कंपूला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. त्यावर पैजा लागत.

आजी तमाशाला कधी गेली नाही, जाणं शक्यच नव्हतं. पण 'रामजोशी' तिनं पाहिला. चांगल्या घरच्या बायका थिएटरात बसून लावणी ऐकतात, हे सोलापुरात प्रथम तेव्हा घडलं, असं ती सांगायची. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय होतं त्यात? आजीनं उत्तर दिलं, कीर्तन होतं. तेही खोटं नव्हतं, रामजोशीनं पुढे कीर्तनंही केली होती. पुढची पंचवीस वर्षं तमाशापटांनी मराठी पडदा व्यापला, त्याची सुरुवात इथून झाली, आणि बापूंनी स्वतःच १९७२ मध्ये 'पिंजरा' करून त्याला कळस चढवला.

बापूंची आजोबांना आवडलेली शेवटची भूमिका म्हणजे 'दो आँखें बारह हाथ'मधला जेलर, १९५७. सहा खुनी कैद्यांना उजाड माळावर नेऊन शेतकरी बनवणारा. ही कथाही माडगूळकरांची, आणि तिचा उगम आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात, औंध संस्थानानं केलेल्या प्रयोगात. सोलापूर जिल्ह्याची शीव तिथून लांब नाही. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात बापूंच्या डोळ्यांना दुखापत झाली, दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. बर्लिनला त्या चित्राला रौप्य अस्वल मिळालं. आजोबांना अस्वलाशी कर्तव्य नव्हतं. ते म्हणाले, बत्तीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाची जमीन गेली होती, आता तो माळ नांगरतोय. दोन वेगळी चित्रं, दोन वेगळी पात्रं, पण त्यांच्या डोक्यात तो एकच शेतकरी होता आणि तो गावाकडे परत गेला होता. स्वतः आजोबा कधी गेले नाहीत.

बापू १९९० च्या ऑक्टोबरात गेले. दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना १९८५ चा.

परवा आत्यानं पुन्हा टांग्याचा विषय काढला, आणि मग एकदम विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं?" मी सांगितलं. यिनहुआ चीनमध्येच वाढला, बापासारखाच डॉक्टरकी शिकत होता, १९६७ मध्ये चोविसाव्या वर्षी गेला. छिंगलानताई २०१२ पर्यंत होत्या. आत्यानं ते दोनदा विचारून घेतलं. मग तिला राग आला.

"सदुसष्टला बापू होते ना?"

"होते."

"मग त्यांनी पुढचा भाग का नाही काढला?"

मी म्हणालो, मधे बासष्टची लढाई झाली होती, चीनचं नाव घेणं सोपं राहिलं नव्हतं. तिला ते पटलं नाही. इंग्रजांच्या नाकावर टिच्चून ज्यांनी बापाचं चित्र काढलं, त्यांना पोराचं काढायला काय जड होतं, असं तिचं म्हणणं. "आणि आईचं काम जयश्रीबाईंनाच द्यायचं," ती म्हणाली, "दुसरी कुणी चालायची नाही."